स्केलचा माणूस

एखाद्या फोटोग्राफरला फोटो सुचेनासे झाले की भोपाळमध्ये त्याला एकच औषध सांगतात, पचमढीला जा. धबधबे बघ, दऱ्या बघ, ताजातवाना होऊन ये. मला हे औषध शेजारच्या क्वार्टरमधल्या इंजिनियरपासून आमच्या गणेशोत्सवाच्या चिटणिसापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. मी गेलोसुद्धा. धबधबे काढले, परत येऊन न्हाणीघरात रोल धुतले, वाळत घातलेल्या फिल्मकडे पाहिलं आणि चिडून न्हाणीघराचं दार आपटलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

दिवाळी अंकासाठी ‘नोकरीतल्या गोड आठवणी’ लिहा, असं संपादकांनी कळवलं आहे. गोड माझ्याकडे फारसं काही नाही. निवृत्तीनंतर मिसरोदला घर बांधलं, मागे पेरूचं झाड लावलं, ब्लडप्रेशरची गोळी सुरू केली, तरी काही गोष्टी आठवल्या की डोकं अजून तापतं. त्यातलीच एक लिहितो. संपादकांना कडू लागली तर वर साखर पेरून घ्यावी.

मी एका मोठ्या सरकारी कारखान्यात फोटोग्राफर होतो. कारखान्यातली माणसं सोडली तर बाकीच्यांना वाटायचं, हा पाहुण्यांच्या गळ्यातल्या हारांचे फोटो काढतो. तेही काढले. मंत्री, सचिव, परदेशी पाहुणे, फीत, कात्री, नारळ, सगळं झालं. पण माझं खरं काम मशीनचे फोटो काढण्याचं. आमच्याकडे घराएवढे ट्रान्सफॉर्मर बनायचे आणि प्रत्येक मोठं मशीन बाहेर पडण्याआधी त्याचा फोटो निघायचा. तो कॅटलॉगमध्ये जायचा, वार्षिक अहवालात जायचा, आणि त्यातला सगळ्यात देखणा पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर. हे कॅलेंडर टाउनशिपमधल्या प्रत्येक क्वार्टरमध्ये फ्रिजशेजारी नाहीतर देवाशेजारी लागलेलं असायचं.

आता हे फोटो कसे काढतात ते ऐका. शॉपमध्ये, म्हणजे जिथं काम चालतं त्या अवाढव्य शेडमध्ये, मशीनच्या आजूबाजूला काय नसतं? क्रेनचे हूक, शिड्या, तेलाचे डबे, चहाचे ग्लास, आणि माणसं. आम्हाला हुकूम असा की मशीन दिसलं पाहिजे, बाकी काही नाही. मग मी फोटो काढून, निगेटिव्ह धुऊन, दिव्याच्या काचेवर ठेवायचो आणि बारीक ब्रशने मशीनच्या कडेकडेनं लाल मातकट रंग भरायचो. या रंगाला आम्ही ओपेक म्हणायचो. निगेटिव्हवर जिथं ओपेक लागला तिथं कागदावर पांढरंफेक उमटतं. शिड्या गेल्या, डबे गेले, माणसं गेली. मशीन पांढऱ्या पोकळीत एकटं उभं, जणू शेतात आपोआप उगवलं. या कामात माझा हात इतका बसला होता की ओपेकची कड कुठं लागली ते दिल्लीच्या छापखान्यालासुद्धा सांगता यायचं नाही. त्या वेळी मला या गोष्टीचा अभिमान होता.

एवढं साफ केल्यावर एक पंचाईत व्हायची. पांढऱ्यात एकटं उभं असलेलं मशीन घराएवढं आहे की मिक्सरएवढं, हे बघणाऱ्याला कळायचं कसं? म्हणून शेजारी एक माणूस उभा करायचा. त्याला आम्ही म्हणायचो ‘स्केलचा माणूस’. नकाशाच्या कोपऱ्यात मोजपट्टी असते ना, तसा. जनसंपर्क विभागाचे आमचे साहेब मिश्राजी यांनी या बाबतीत एक शोध लावला होता. “आदमी छोटा लाओ, मशीन बड़ी दिखेगी.” या शोधापायी असेंब्लीतला सगळ्यात बुटका फिटर शोधून काढण्यात आला. त्याचं नाव देवराव.

देवराव मूळचा भंडाऱ्याकडचा. कामाला वाघ, बोलायला तिरकस. प्रत्येक मोठ्या मशीनच्या फोटोला त्याला हाक जायची. नवं हेल्मेट आणि परीटघडीचा युनिफॉर्म द्यायचे, फोटो झाला की दोन्ही परत काढून घ्यायचे. आणि उभं राहण्याचा नियम एकच, तोंड मशीनकडे, पाठ कॅमेऱ्याकडे. माणसाचा चेहरा दिसला की बघणाऱ्याचं लक्ष मशीनवरून उडतं, हा मिश्राजींचा दुसरा शोध. अशी वर्षानुवर्षं देवरावची पाठ कॅटलॉगमध्ये, अहवालात, कॅलेंडरवर छापून येत राहिली. परदेशातसुद्धा गेली. चेहरा कधी कोपऱ्यातही आला नाही.

माझं दुखणं याच काळातलं. सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही. कॅमेऱ्यात डोळा घातला की समोरचं मशीन दिसायच्या आधी गेल्या वर्षीचा फोटो दिसायचा. तेच अंतर, तीच उंची, तोच कोन, उजवीकडे देवराव. बटण दाबायचं, घरी जायचं. आधी मी रविवारी कॅमेरा घेऊन शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी जायचो, तेही सुटलं. घरी मुलीच्या वाढदिवसाला कॅमेरा कपाटातून काढायचा कंटाळा आला, तेव्हा बायको म्हणाली, “तुम्ही हल्ली फोटो काढत नाही. हजेरी लावता.” मला राग आला. खरं बोललेल्याचा येतो तसा.

मिश्राजींच्याही लक्षात आलं. फोटोत जान राहिली नाही, असं त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं आणि महाराणा प्रताप नगरातल्या एका हॉटेलात दिवसभराच्या व्याख्यानाला पाठवलं. विषय, सर्जनशीलता. कोट घातलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला वर्तुळात बसवून डोळे मिटायला लावले आणि रोजच्या वस्तूकडे नव्या कोनातून बघा म्हणून सांगितलं. मी आज्ञाधारक माणूस. पुढच्या ट्रान्सफॉर्मरचा फोटो कॅमेरा तिरका धरून काढला. मिश्राजींनी प्रिंट हातात घेतली, आडवी केली, उभी केली आणि विचारलं, “जोगलेकर जी, ये गिर रही है क्या?”

अशी गंमत. कोनही तुम्हीच ठरवायचा, उंचीही तुम्हीच ठरवायची, कोण दिसावं आणि कुणाला पुसावं तेही तुम्हीच, आणि वर मलाच विचारायचं की तुला काही नवीन का सुचत नाही. हातपाय बांधून विहिरीत टाकायचं आणि काठावरून ओरडायचं, पोह. पण हे तेव्हा मला असं लख्ख कळलं नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, आपल्यातलंच संपलं. नोकरी कारकुनाच्या टेबलावर बदलून मागावी, इथपर्यंत विचार गेला होता. अर्जाचा मसुदा बायकोला वाचून दाखवला, तर ती चवळीच्या शेंगा निवडत राहिली. ती बोलत नाही म्हणजे तिला पटलेलं नसतं.

अशात एक मोठा ट्रान्सफॉर्मर तयार झाला. त्या वर्षातला सगळ्यात मोठा. फोटोच्या आदल्या दिवशी मी जागा बघायला शॉपमध्ये गेलो. देवराव खालचे बोल्ट आवळत होता. हात पुसत उठला आणि म्हणाला, “सायेब, येक गोष्ट मागू का?”

“माग की.”

“मी या महिन्यात रिटायर होऊन राहिलो. माही पोरगी म्हनते, बाबा, दरसाली तुमचा फोटो छापून येते, पन तुमी त दिसतच नाही. शाळेत होती तवा तिनं मैतरनीले सांगतलं, हा माहा बाप हाय. त त्या हासल्या. कोनाची बी पाठ दाखवतं म्हने.” मग म्हणाला, “येक डाव तोंड तुमच्याकडं करून काढून द्या न जी. जातानी.”

हसत हसत म्हणाला, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर ही मशीनं बांधली, ज्याच्या पाठीच्या जोरावर कारखान्यानं आपला मोठेपणा जगाला दाखवला, त्यानं शेवटच्या महिन्यात स्वतःचं तोंड दाखवायची परवानगी मागावी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवराववर नव्हे, हे सांगायला नको.

नियमाप्रमाणे मी मिश्राजींना विचारलं. ते म्हणाले, “लोग मशीन देखेंगे कि देवराव को?”

“दोनों को देख लेंगे साहब. लोगों की दो आँखें होती हैं.”

“आप आजकल बहस बहुत करते हैं,” मिश्राजी म्हणाले आणि फाईल उघडली. म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे सरकारी फोटो झाला. नवं हेल्मेट, पाठ इकडे, तोंड मशीनकडे. मिश्राजी पाहुण्यांना घेऊन चहाला गेले. नवं हेल्मेट काढून घ्यायला आलेला स्टोअरचा माणूस ते घेऊन गेला. राहिलो मी, देवराव आणि तो ट्रान्सफॉर्मर. मी म्हणालो, “देवराव, वळ.”

तो वळला. डोक्याला त्याचं जुनं पिवळं, पोचे आलेलं हेल्मेट. आणि त्याला हातांचं काय करावं ते कळेना. आधी बाजूला सोडले, मग मागे बांधले, शेवटी एक हात ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर टेकवला आणि तिथं लागलेला तेलाचा डाग बाहीनं पुसला. मी कॅमेऱ्यात बघितलं, आणि फोटो निघेना. देवराव खाली कुठंतरी बोटभर दिसत होता. सगळं नेहमीसारखं मशीनसाठी लावलेलं, माणूस त्यात मावत होता पण दिसत नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला आता कॅमेरा कुठं ठेवायचा हे ठरवावं लागणार आहे. हसू नका. फोटोग्राफीत एवढा एकच खरा प्रश्न असतो, बाकी सगळी कारागिरी. आणि हा प्रश्न मला कित्येक वर्षांत पडलाच नव्हता. मी स्टँड उचलून पुढे नेला. उंच झाला, खाली घेतला. अजून खाली. शेवटी देवरावच्या डोळ्यांच्या रेषेत आणला तेव्हा मी गुडघे वाकवून उभा होतो. दिवा एका बाजूला सरकवला, तशी त्याची ठसठशीत सावली टाकीच्या राखाडी पत्र्यावर पडली. मशीन आता चौकटीत मावत नव्हतं, वरून कापलं जात होतं, दोन्ही बाजूंनी बाहेर जात होतं. मी म्हटलं, जाऊ दे. फोकस दोनदा तपासला. पहिल्या नोकरीच्या पहिल्या रोलला तपासला होता तसा.

“हासू का नको जी?”

“तुला काय वाटतं?”

“मले त रागच येऊन राहिला. इतक्या वर्साचा.”

“मग तसाच उभा राहा,” मी म्हणालो आणि बटण दाबलं.

तो फोटो डार्करूममध्ये कागदावर हळूहळू उमटत गेला तेव्हा मी एकटाच होतो, आणि एकट्यानंच मोठ्यांदा शिवी दिली. आनंदाची. सगळं मशीन दिसत नव्हतं आणि तरी आजवर काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा ते मोठं दिसत होतं. का, ते उघड होतं. डोळे असलेला एक माणूस त्याच्या पुढ्यात उभा होता, आणि बघणारा त्या माणसाच्या जागी जाऊन उभा राहत होता. घरी आल्यावर बदलीच्या अर्जाचा मसुदा मी गॅसवर धरला. बायको म्हणाली, “बाहेर जाळा, दूध ठेवलंय.”

प्रिंट मी मिश्राजींच्या टेबलावर ठेवली. दडवायची म्हणून नव्हतीच काढलेली. ते आधी चिडले, मग बघतच राहिले. “लाइट क्या आई है,” म्हणाले. “मशीन तो इसमें बड़ी लग रही है!” आणि स्वतः वर घेऊन गेले. जनरल मॅनेजरांनाही आवडला. कॅलेंडरसाठी तोच पक्का झाला. मी मूर्खासारखा खूश झालो. देवरावला सांगायला निघणार, तेवढ्यात मिश्राजींनी परत बोलावलं आणि अगदी सहज, चहात साखर कमी सांगावी तसं सांगितलं, “बस, आदमी को हटा दीजिए.”

कारण काय, तर एकाचा चेहरा छापला तर उद्या दुसरा विचारेल, माझा का नाही. युनियन विचारेल, हाच का. शिवाय कॅलेंडर निघेल तेव्हा हा रिटायर झालेला असणार. आणि हेल्मेट जुनं आहे. मी ऐकत होतो. ज्याच्यामुळे फोटो झाला तोच फोटोतून काढायचा, आणि काढायचा कुणी, तर मी. मी म्हणालो, “साहब, मुझसे नहीं होगा.”

“आपने ज़िंदगी भर यही तो किया है.”

ते मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. पण आयुष्यभर केलं म्हणून उद्याही करावं असा कुठं नियम आहे? मी म्हणालो, “किया है, इसीलिए अब नहीं होगा.” आणि बाहेर आलो.

पंधरवडा उलटायच्या आत माझी बदली झाली. मेन गेटशेजारच्या खोलीत, ओळखपत्रांचे फोटो काढायला. मोठा कॅमेरा काढून घेतला, छोटा दिला. भिंतीवर निळा पडदा, समोर लोखंडी स्टूल. आता तरी शहाणा हो, असा त्याचा अर्थ. देवरावचा निरोप समारंभ त्याच महिन्यात झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. मी त्याला त्याच्या फोटोची मोठी प्रिंट दिली. त्यानं ती बराच वेळ धरून ठेवली आणि फक्त एवढंच विचारलं, “इतका म्हातारा झालो का जी मी?”

फोटोतून देवरावला पुसायचं काम मिश्राजींनी गावातल्या एका कलाकाराकडून करून घेतलं. देवराव मशीनसमोरच उभा असल्यानं पांढऱ्या पोकळीचा उपयोग नव्हता, त्याच्या अंगावरून मशीन रंगवून काढावं लागलं. कलाकारानं हवेच्या पिचकारीनं ते सफाईनं केलं. हेल्मेट गेलं, चेहरा गेला, टाकीवरचा हात गेला. प्रूफ मिश्राजींनी पास केलं, वर जनरल मॅनेजरांनी पास केलं, छापखान्यानं छापलं आणि नव्या वर्षी कॅलेंडर घरोघरी पोचलं.

आमच्या घरचं बायकोनं खिळ्याला लावलं आणि म्हणाली, “अहो, ही सावली कुणाची?”

माणूस पुसला होता. सावली राहिली होती. टाकीच्या राखाडी पत्र्यावर हेल्मेट घातलेल्या एका बुटक्या माणसाची सावली, एक हात पुढे टेकवलेली, स्वच्छ, काळी, पुढे माणूसच नसलेली. कलाकाराला ती मशीनचाच एखादा भाग वाटली असेल. त्याचं सोडा, तो बाहेरचा. पण पास करणाऱ्या एकाही साहेबाला ती दिसली नाही, याचा मला आजही संताप येतो. ज्यांनी माणूस कधी बघितलाच नाही त्यांना त्याची सावली कुठून दिसणार? शॉपमधल्या पोरांनी मात्र पहिल्या नजरेत ओळखली. दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या टाउनशिपला माहीत झालं होतं. कॅलेंडर परत मागवणं म्हणजे चूक कबूल करणं, म्हणून ते वर्षभर तसंच लटकत राहिलं, जनरल मॅनेजरांच्या केबिनमध्येसुद्धा.

माझ्या खोलीत ओळखपत्राच्या फोटोला येणारा प्रत्येक जण स्टुलावर बसला की डोळा मिचकावून विचारायचा, “साहब, मुँह किधर करूँ? मशीन की तरफ?” मी खोटंखोटं रागावायचो. खरं तर त्या खोलीत मला पुन्हा फोटो दिसायला लागले होते. तिथं हुकूमच असा होता की चेहरा सरळ, समोर, डोळे उघडे. कुणालाही पुसायचं नाही. शिक्षा देणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

एक नियम तिथंही होता. स्टँड जमिनीवरच्या रंगवलेल्या खुणेवर, ठरलेल्या उंचीला. कुणी बुटका आला तर त्याच्या बुडाखाली रेक्झिनची एक गादी सरकवायची, म्हणजे चेहरा चौकटीत येतो. गादी कोपऱ्यात पडलेली असायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला देवराव आला. निवृत्त लोकांना कारखान्याच्या दवाखान्यासाठी फोटोचं कार्ड लागतं. स्टुलावर बसला तो माझ्याकडे पाठ करून, निळ्या पडद्याकडे तोंड.

“देवराव, हे काय?”

“सवय लागली न जी.” हसण्यानं खांदे हलत होते. मग वळून म्हणाला, “तुमी देलेला फोटो आन् क्यालेंडर, दोनी पोरीनं शेजारीशेजारी लावले. घरी कोनी आलं का म्हनते, पाहा, हा माहा बाप. आन् हे त्याईनं ठेवलेलं.”

तेवढ्यात माझा मदतनीस नेहमीप्रमाणे कोपऱ्यातली गादी घेऊन पुढे आला. देवरावनंही सवयीनं उठायला सुरुवात केली.

“बसा देवराव,” मी म्हणालो. गादी परत पाठवली, स्टँडचा स्क्रू सैल केला आणि कॅमेरा खाली घेतला.